चाळीस तासांनंतरची तालीम

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीच्या माणसाला 'तालीम' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. एक तालीम नाटकाची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच गावात मराठी नाटक उभं केलं, म्हणून तर आपण नाट्यपंढरीचे. दुसरी तालीम लाल मातीची. हिंदकेसरी मारुती माने आपल्याच कवठेपिरानचे. आता कुणी म्हणालं, "मी पाच दिवस तालमीत जाऊन आलो, सर्टिफिकेट मिळालं, झालो पैलवान," तर पारावरची म्हातारी माणसंसुद्धा हसतील. न्यायालयातल्या मध्यस्थाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच धरून चालतो. मीही धरलं होतं.

मी वकील आहे. दिवाणी कामं करते, म्हणजे बांध, वाटप, विहीर, रस्ता. गेली काही वर्षं न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणूनही बसते. मध्यस्थी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण लोकअदालत, लवाद आणि मध्यस्थी यांची लोक मिसळ करतात. लवाद निवाडा देतो, मध्यस्थाला तसला अधिकारच नाही. दोघांना बोलतं करायचं, आणि तोडगा त्यांचा त्यांनाच सापडेपर्यंत टिकून राहायचं, एवढंच त्याचं काम. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ जुलै २००२ पासून लागू आहे. त्याच्या आधारे न्यायाधीश चालू दावा मध्यस्थीकडे पाठवतात. तिथलं बोलणं तिथंच राहतं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे ना, तसंच. खरसुंडीच्या जत्रेत ज्यांनी खिलार बैल घेतलाय त्यांना नीट कळेल. सौदा जमला नाही तर कुणी किती बोटं दाबली हे बाजारात बोंबलायचं नसतं. जमला, तर कागद होतो, सह्या होतात आणि न्यायालय त्यावर हुकूमनामा करतं.

आता प्रशिक्षण. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये मध्यस्थीसाठी समिती नेमली. तिनं आखलेलं ४० तासांचं प्रशिक्षण हा आज देशभरातल्या न्यायालयीन मध्यस्थांचा पाया आहे. साधारण पाच दिवस, रोज आठ तास.

माझा पहिला दिवस सांगते. प्रशिक्षकांनी आम्हाला दोघादोघांना समोरासमोर बसवलं. एकानं आपल्या आयुष्यातला खरा तंटा पाच मिनिटं सांगायचा आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं. प्रश्न नाही, सल्ला नाही, "अरेरे" सुद्धा नाही. माझ्यासमोर विट्याकडचे एक वकीलसाहेब आले. शेजाऱ्यानं गच्चीचं पाणी यांच्या भिंतीवर सोडलं होतं. दीड मिनिट झालं असेल, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नगरपालिकेत अर्ज दिलाय का?" प्रशिक्षकांनी काही न बोलता मनगटावरचं घड्याळ दाखवलं. वीस वर्षं वकिली केलेल्या बाईला पाच मिनिटं गप्प बसवेना.

पाचव्या दिवशी ते जमलं. प्रमाणपत्र मिळालं, ग्रुप फोटो झाला. आणि दोन-तीन वर्षांत ते पुन्हा सुटलं. सुटलं हे मला कळलंही नाही, हा त्यातला वाईट भाग.

कळलं कसं, ते सांगते. गोपनीयतेमुळे गाव, पीक, नाती सगळं बदललं आहे. दोन सख्खे भाऊ, एक सामाईक विहीर. पाण्याच्या पाळीवरून दावा. मी दोघांचं थोडं थोडं ऐकलं आणि पाऊण तासात मार्ग काढला. सोमवार ते बुधवार थोरला, गुरुवार ते शनिवार धाकटा, रविवारी आलटून पालटून, विजेचं बिल निम्मं निम्मं. शेतीला वीज कधी दिवसा येते, कधी रात्री, तेही वेळापत्रकात बसवलं. दोघांनी माना डोलावल्या. मी खूश. पुढच्या तारखेला कागद करायचं ठरलं, आणि त्या तारखेला थोरला आलाच नाही.

दोन्ही तारखांना माझ्याबरोबर एक दुसरे मध्यस्थ बसले होते, नुकतेच प्रशिक्षण घेऊन आलेले. ते चाचरत म्हणाले, "मॅडम, गेल्या वेळी थोरल्यांनी पिशवीतून कागद काढले तेव्हा सातबारा आणि आठ-अ यांच्या मध्ये एक लग्नपत्रिका होती. त्यांनी ती काढली, बघितली आणि परत आत ठेवली."

पत्रिका मीही पाहिली होती. चुकून आली असेल म्हणून सोडून दिली होती. थोरल्याला पुन्हा बोलावून घेतलं, वेगळं बसवलं, आणि या नव्या मध्यस्थांनी एवढंच विचारलं, "दादा, ती पत्रिका कुणाची?" धाकट्याच्या मुलीच्या लग्नाची होती. निमंत्रकांत मामांची नावं होती, आत्यांच्या यजमानांची होती, थोरल्या चुलत्याचं नव्हतं. त्या पोरीला या माणसानं खांद्यावर बसवून यात्रेला नेलेलं. पाण्याचं भांडण त्यानंतरचं, मोटारीला कुलूप लागलं तेही त्यानंतरच. माझं वेळापत्रक बिनचूक होतं हो, पण त्याची गरज कुणालाच नव्हती. पत्रिकेवर बोलणं झालं, धाकटा थोरल्याच्या घरी जाऊन आला, आणि पाण्याची पाळी त्यांनी आपली आपण बसवली. माझ्या वेळापत्रकापेक्षा वेगळी, आणि मला विचाराल तर जरा गैरसोयीचीच.

आपल्याकडे तंट्यात पडणारा माणूस म्हणजे गावातला वजनदार माणूस. तो दोन्हीकडचं ऐकतो, मिशीवरून हात फिरवतो आणि "असं करा" म्हणतो. आपण सगळे ते बघतच मोठे झालो. ४० तासांत ही सवय जात नाही, थोडे दिवस दबून बसते. कामाचा लोंढा आला, बाहेर चार पक्षकार खोळंबले, की ती उसळी मारून वर येते. त्यात वकील, निवृत्त शिक्षक, निवृत्त अधिकारी, म्हणजे मध्यस्थीला जी माणसं येतात ती बहुतेक सगळी जन्मभर दुसऱ्याला सांगण्याचंच काम केलेली. म्हणून मध्यस्थाच्या पुढच्या शिक्षणात नवीन काही शिकण्यापेक्षा जुनं पुन्हा पुन्हा सोडवून घेणं जास्त असतं.

त्या प्रकरणानंतर आम्ही सहा-सात जण दुसऱ्या शनिवारी, कोर्टाला सुट्टी असते तेव्हा, एकत्र बसू लागलो. कुणी आदेश काढला नव्हता. चहा, भडंग आणि दोन तास. पक्षकारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा पहिला नियम. बोलायचं ते स्वतःबद्दल. मी कुठं अडकले, मला कुणाचा राग आला, कुणाची बाजू मनात आधीच खरी वाटायला लागली. हे मोठ्यानं बोलणं अवघड जातं, विशेषतः ज्येष्ठांना. एक ज्येष्ठ सहकारी सुरुवातीचे तीन महिने फक्त यशस्वी तडजोडीच सांगत होते. चौथ्या महिन्यात पहिल्यांदा म्हणाले, "एका सासूला मी बोलूच दिलं नाही."

मग सराव. साधा सराव सांगते, घरीही करून बघण्यासारखा आहे. पक्षकार म्हणतो, "तो चोर आहे, बापाच्या पैशावर बंगला बांधला." मध्यस्थानं हे दुसऱ्या बाजूपुढे न्यायचं, डंख काढून पण अर्थ न काढता. "शांत व्हा" म्हणालात तर नापास. "तसं नसेल हो" म्हणालात तरी नापास. आमच्यातल्या एका बाईंनी काढलेलं वाक्य मला आवडलं. "वडिलांच्या पैशाचा हिशोब तुम्हाला कुणी दाखवलाच नाही, असं तुमचं म्हणणं आहे." चोराचा हिशोब झाला, आणि हिशोबावर बोलता येतं.

कायद्याची उजळणी तर लागतेच. बहिणींच्या हिश्शाचंच घ्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मजात हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ च्या दुरुस्तीनं आला. वडील २००५ च्या आधी वारले असतील तर काय, यावर वर्षानुवर्षं गोंधळ चालला. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. मध्यस्थानं कायद्याचा सल्ला द्यायचा नसतो, मान्य. पण २०१५ मध्ये शिकलेला मध्यस्थ जुनीच समजूत डोक्यात धरून बसला, तर बहीण गप्प का आहे हे त्याला कळणारच नाही. "तुम्ही वकिलांना विचारलंत का?" एवढा साधा प्रश्न त्याच्या मनात यायचा नाही. २०२३ चा मध्यस्थी कायदाही आला आहे आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. मध्यस्थी १२० दिवसांत संपवायची, दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी ६० दिवस घ्यायचे, असं त्यात म्हटलं आहे. ऑनलाइन मध्यस्थीही त्यात आहे.

ऑनलाइन म्हटलं की आपल्या जिल्ह्यात आठवतात ते गलाई व्यावसायिक. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. एक भाऊ गावात, दुसरा तमिळनाडूत, वाटपाचा दावा इथं. मोबाईलवर त्याचा चेहरा दिसतो, पण त्याच्या खोलीत आणखी कोण बसलंय ते दिसत नाही. त्याचे डोळे दर मिनिटाला उजवीकडे का जातात? आमच्या ४० तासांत हा धडा नव्हता. तो आम्ही आमच्या अशाच एका शनिवारी शिकलो. एकाला शेजारच्या खोलीत मोबाईल देऊन बसवलं आणि कॅमेऱ्याबाहेर त्याच्या 'मेव्हण्या'ला उभं केलं.

आणि एक गोष्ट अशी की तिथं चूक चालत नाही. नवरा-बायकोच्या प्रकरणात बाई सगळ्याला "हो, चालेल" म्हणत असेल, तर ती तडजोडच असते असं नाही, कधी ती भीती असते. मारहाण झालेल्या बाईला त्याच टेबलाशी बसवून "दोघांनी थोडं थोडं सोडा" म्हणणं हा अपराध आहे, मग प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं असो. वेगळं बसवणं, कुणाच्या गाडीतून आलात हे सहज विचारणं, आणि वेळ पडली तर "ही मध्यस्थी होणार नाही" असं न्यायालयाला कारण न देता कळवणं, हे सगळं हातवळणी पडावं लागतं.

२०२३ च्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीही आहे. शेजारपाजारच्या, वस्तीच्या शांततेच्या तंट्यांसाठी तीन जणांचं मंडळ. तिथली तडजोड हुकूमनाम्यासारखी बजावता येत नाही, शब्दावर चालते. उद्या यासाठी गावोगावचे लोक लागतील. बचत गटातल्या ताई, निवृत्त गुरुजी, विधी स्वयंसेवक. त्यांना एकदा शिकवून सोडून देऊ नका, एवढीच माझी मागणी आहे. आणि तुमचा स्वतःचा दावा मध्यस्थीला गेला, तर मध्यस्थाला विचारायला लाजू नका, "मला वेगळं बोलता येईल का?" येतं. आणखी काही माहिती हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

गेल्या दुसऱ्या शनिवारची गोष्ट सांगते आणि थांबते. मला बहिणीची भूमिका दिली होती. आईच्या आजारपणात भावांनी हक्कसोडपत्रावर सही घेतलेली बहीण. मध्यस्थ होती एक नवखी मुलगी, वकिलीला चारच वर्षं झालेली. तिनं विचारलं, "ताई, सही करताना तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का?"

उत्तर मला ठाऊक होतं, कागदावर लिहून दिलेलं होतं. तरी ते येईना. माझ्या स्वतःच्या माहेरचा स्वयंपाकघराचा उंबरा डोळ्यांपुढे आला, आणि त्यावर बसून सही करणारी माझी आत्या.

मुलीनं पेन खाली ठेवलं. पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला नाही, "सांगा ना" म्हणाली नाही, "बरं, पुढे जाऊ" असंही नाही. बसून राहिली. बाकीचे घड्याळाकडे बघायला लागले होते, तिनं बघितलं नाही.

नमस्कार.