ताराबाईंचा तराजू

मंडळी, 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या. निमित्त सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेचं. लोकलाजेच्या धाकानं तिनं आपलं नवजात मूल मारलं. कोर्टानं फाशी सुनावली, पुढे शिक्षा कमी झाली. पण वर्तमानपत्रांत पंचनामा सुरू झाला तो साऱ्या बायकांच्या नीतीचा. त्या संतापात ताराबाईंनी लेखणी उचलली.

मुखपृष्ठावरच त्या विचारतात, स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण? आज आपण 'साहसी' म्हणजे धाडसी समजतो. त्या काळी साहस म्हणजे अविचारानं केलेलं वाईट कृत्य. बायकांच्या अंगी कोणकोणते दुर्गुण असतात, याची यादी जुन्या श्लोकांत तयारच होती: संशय, उद्धटपणा, साहस, कपट. ताराबाईंनी एकेक दुर्गुण उचलला आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पुरुषांना बसवलं. नियम पुरुषांचेच, वजनंही त्यांचीच. नवरा हा देव म्हणता? मग त्यानं देवासारखं वागायला नको का? नवरा मेल्यावर बाईचं केशवपन करता, तर बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा काढून जन्मभर रानात का जाऊन राहत नाही? तुम्ही तर दहाव्याच दिवशी दुसरी करून आणता!

हा सवाल ऐकून सभेत हसू येतं. मला येत नाही. माझ्या पणजीला मी लहानपणी पाहिलंय. विधवेचं लाल लुगडं, म्हणजे अलवण, कपाळापर्यंत ओढलेलं. ठरल्या दिवशी न्हावी मागच्या दारी यायचा. ती घराकडे पाठ करून पाटावर बसायची, आणि आम्हा पोरांना कुणीतरी पुढच्या अंगणात पिटाळायचं. वस्तऱ्याचा खरखर आवाज मात्र तिथवर यायचा. ताराबाई स्वतः मराठा घरातल्या, केशवपनाची रूढी मुख्यतः ब्राह्मणांतली. तरी त्यांनी ते दुःख परकं मानलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्यांची भाषा मोठ्यानं वाचून पाहा. समोर पुरुष बसलेत असं धरून त्या थेट 'तुम्ही'वर येतात, प्रश्नावर प्रश्न टाकतात, उत्तराला उसंतच देत नाहीत. ओसरीवर भांडणाऱ्या बाईला लोक तोंडाळ म्हणतात. तोच ठसका त्यांनी युक्तिवादाला दिला, आणि छापून आणला.

टीका झालीच. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. मी ते वाचलं तेव्हा पणजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण त्या पाटाशेजारी बसून मी तिला ते दाढीमिशांचं पान वाचून दाखवलं असतं.