आठ जणांची मिसळ

सकाळचे साडेआठ. कोल्हापुरातलं मिसळीचं हॉटेल, एकही बाकडं रिकामं नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर आठ जण बसतात आणि एकदमच बोलायला लागतात. "मला साधी." "मला दही मिसळ." "बिनतिखट जमंल काय मामा?" "माझ्यात कांदा नको." मामांच्या हातात ना कागद, ना पेन. मागनं कुणीतरी ओरडतं, "मामा, पाणी!"

मामा भटारखान्याच्या खिडकीशी जातात. "चार साध्या, दोन दही, दोन बिनतिखट. बिनतिखटातल्या एकात कांदा नाही!"

आत्ता ऐकलेलं, काम होईपर्यंत मनात धरून ठेवायचं. या धरून ठेवण्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिची जागा फार थोडी. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली सातचा आकडा मांडला, दोन कमी किंवा दोन जास्त. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आणखी खाली आणला. मनात घोकायला आणि गट पाडायला वाव नसेल, तर उरतात साधारण चारच गोष्टी.

मामांच्या डोक्यातही जागा तेवढीच आहे. त्यांनी आठ माणसांचे गठ्ठे बांधले, एवढंच. पण हे 'एवढंच' वर्षानुवर्षांच्या कामातून येतं. बुद्धिबळातल्या मुरलेल्या खेळाडूंना खऱ्या डावातला पट पाच सेकंद बघून बराचसा मांडता येतो. त्याच सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या, की ते जवळपास नवख्यांच्या पंगतीला येतात.

नजरेचंही तसंच. कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात १९९८ च्या एका प्रयोगात अनोळखी माणूस वाटसरूला रस्ता विचारत होता. मधून दोघं दार घेऊन गेले आणि तेवढ्यात विचारणारा माणूसच बदलला. जवळपास निम्म्या वाटसरूंच्या हे लक्षातच आलं नाही. समोरचं सगळं आपण बघतोय असं वाटतं; मनात मात्र थोडंच उतरलेलं असतं.

आता एका घरात जाऊ. पोरगं शाळेतनं आलंय. आई सांगते, "दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा मोरीत टाक, आजीला गोळी दे, आणि गच्चीवरचे पापड आण." पोरगं पापड घेऊन येतं. बाकी काहीच झालेलं नाही. "लक्षच नसतं तुझं!"

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. लक्ष होतं त्याचं. मोठ्यांपेक्षाही लहान असलेल्या जागेत पाच कामं एकदम आली, आणि शेवटचं तेवढं हाताला लागलं. वर्गात तोंडी गणितात अडखळणाऱ्या कितीतरी मुलांना गणित येत असतं. पहिला आकडा निसटलेला असतो.

हॉटेलात आठ ताटल्या आल्या. दही मिसळ बरोबर दही मिसळवाल्यापुढे. बिनकांद्याची कोपऱ्यात. मागच्या टेबलावरून परत हाक येते, "मामा, पाणी!"

"आणलं, आणलं," म्हणत मामा वळतात.