दिवाळीनंतर वाडी उठते

(दृश्य : अंधार. चिखल तुडवल्याचा आवाज. लांबवर एक बॅटरी हलते.)

पहाटेचे तीन. पेण तालुक्यातली एक वीटभट्टी. बाई माती मळते, नवरा साच्यातून वीट पाडतो. ऊन चढायच्या आत पडतील तेवढ्या पाडायच्या. आठ-नऊ वर्षांची त्यांची मुलगी काल पाडलेल्या विटा एकेक करून पालथ्या करत चाललीय. दुसरी बाजू वाळायला हवी ना. बाजूला भोंगा आहे. भोंगा म्हणजे विटांचेच थर रचून वर पेंढा टाकलेलं खोपटं. त्यात धाकटा भाऊ झोपलाय.

हे कुटुंब कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी. जंगलावर बंधनं आली, काताचा धंदा गेला, नाव तेवढं राहिलं. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ही एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड.

(दृश्य : दुपार. रिकामी वाडी. कुडाच्या भिंती, कड्या लावलेली दारं.)

यांच्या वाडीवर मी पहिल्यांदा गेले ती जानेवारीतल्या एका रविवारी. सकाळी अकरा वाजता. बरोबर चार मित्रमैत्रिणी, रंगपेट्या, चित्रकलेच्या वह्या आणि बिस्किटांचे दोन खोके. वाडीत होती एक म्हातारी आणि तीन कोंबड्या.

“दिवाळी झाली का वाडी उठते, बाय,” म्हातारी म्हणाली. “आता आगोटीला या.” आगोटी म्हणजे पावसाळ्याची सुरुवात.

बिस्किटं तिच्यापाशी ठेवली. तिच्याबरोबर फोटोही काढले. हो, काढले. मग हायवेला मिसळ खाल्ली आणि घरी आलो.

वाडी का उठते, ते पुढच्या पावसाळ्यात समजलं. भाताची लावणी झाली की हाताला काम नसतं. खाडीतल्या चिंबोऱ्या, ओढ्यातले मासे, रानातले कंद यांच्यावर किती दिवस निघणार? त्यात कुणी आजारी पडलं की वीटभट्टीच्या मुकादमाच्या दारात जावं लागतं. तो बयाणा देतो, म्हणजे आगाऊ उचल. सुटा माणूस त्याला चालत नाही, जोडी लागते, म्हणजे नवरा-बायको. बायकोच्या कामाचा वेगळा हिशेब कुठेच नसतो. हंगामात बयाणा फिटला तर ठीक, नाही फिटला तर पुढच्या वर्षीची भट्टी ठरलेलीच. काही कुटुंबं कोळसा पाडायला थेट कर्नाटकात जातात. वेठबिगारी १९७६ साली बंद झाली. कायद्याच्या पुस्तकात.

(दृश्य : डहाणूचा किनारा, मग टेकडी, चरणारी गुरं.)

शाळा एका जागी आणि मुलं भलतीकडे, हा पेच जुनाच आहे. याच किनाऱ्याला उत्तरेकडे, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण गुरं कोण राखणार? तेव्हा शिकवणारेच गुरांमागे गेले. त्याचं नाव कुरणशाळा. गाय कुणाच्या शेतात शिरली की धडा थांबायचा, गाय हाकून झाली की पुन्हा सुरू. पुढे नव्वदच्या दशकात विवेक पंडितांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेनं वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. त्याही तशाच, मुलं जिथे तिथे.

आमचं काम याच्या पासंगालाही पुरणारं नाही. आम्ही सहा जण भट्टीवरच्या मुलांना शिकवतो, आठवड्यातून तीन दिवस, दुपारी चार ते सहा. का चार? कारण पहाटेपासून राबलेली मुलं दुपारी झोपतात. अकराला गेलो असतो तर त्यांची झोपच मोडली असती.

पण खरा वेळ शिकवण्यात जात नाही, कागदांत जातो. गाव सोडून आलेल्या मुलाला इथल्या शाळेनं बसवून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक असतं. ते मूळ शाळेतून आणायचं. आणि जातीचा दाखला! त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा खैराच्या मागे रानोरान फिरला, त्यानं शाळेचा दाखला कुठून आणावा? घर दुसऱ्याच्या सात-बाऱ्यावर उभं, तेव्हा जमिनीचाही कागद नाही. मग गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन करायच्या चौकशीची खटपट, तलाठी, तहसील, पुन्हा तलाठी. बरोबर जायचं, रांगेत उभं राहायचं, साहेब जेवायला गेले की बाकड्यावर बसून राहायचं. या कामाचे फोटो चांगले येत नाहीत.

(दृश्य : भट्टीवर संध्याकाळ. धूर.)

आमच्यातली एक मैत्रीण नोकरीतून रजा काढून कंबोडियाला गेली होती. दोन आठवडे, पैसे भरून, एका अनाथाश्रमात इंग्रजी शिकवायला. मुलं पहिल्याच दिवशी गळ्यात पडली. तिला आधी बरं वाटलं, मग विचित्र वाटलं. आधीच्या तुकडीच्या गळ्यातही ती अशीच पडली असणार. नंतर तिला कळलं की तिथल्या आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात, देणग्या येतात, म्हणून आश्रम वाढतात आणि ते भरायला गरिबांची मुलं लागतात. ‘मुलं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं नव्हेत’ अशी मोहीम तिथे २०११ सालीच निघाली होती.

हे तिनं सांगितलं तेव्हा मला ती म्हातारी आठवली. फोटो मी फोनमधून पुसून टाकले. त्यानं काय होणार होतं म्हणा.

(दृश्य : विटांच्या रांगा. मुलगी बोट ठेवत मोजते.)

मघाची ती मुलगी. फाल्गुनात तिला शंभरापर्यंत मोजता येऊ लागलं. मग दहा शंभर म्हणजे हजार. एका संध्याकाळी तिनं आईबापाच्या विटा मोजल्या, रांगेनं, पुन्हा उलट्या बाजूनं. मुकादमाच्या वहीत त्या कमी होत्या. फुटीच्या नावाखाली त्यानं किती वजा केल्या, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

बाप बराच वेळ बिडी ओढत बसला. आम्ही निघालो तेव्हा रस्त्यापर्यंत मागे आला.

“ताई, पुढल्या खेपेला पोरीला वही आना. चित्राची नको. चौकटीची आना, हिशेबाची.”

(दृश्य : रस्ता. अंधार पडत चाललेला. आवाज थांबतो.)