कट-ऑफ नसलेला प्रवेश

(दृश्य : सकाळचे साडेसहा. कॉलेज रोड. पाठीवर दप्तर घेतलेली मुले-मुली क्लासचा जिना चढत आहेत.)

नाशिकमध्ये बारावीनंतरच्या प्रवेशाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कट-ऑफ किती लागला? आपल्याकडच्या पद्धतीत हा प्रश्न योग्यच आहे. २०२४ साली देशातील २३ आयआयटींमध्ये मिळून १७,७४० जागा होत्या, जेईई अ‍ॅडव्हान्स्डला सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी बसले होते आणि कोणाला कोणती जागा मिळणार हे मुख्यतः गुणानुक्रम, प्रवर्ग आणि पसंतिक्रम यांवरून ठरले. स्पर्धा जीवघेणी असली तरी यादी लागते, आणि आपण कुठे कमी पडलो हे त्या यादीत दिसते.

अलीकडे याच रस्त्यावरच्या काही घरांत हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन या अमेरिकेतील विद्यापीठांची नावे ऐकू येऊ लागली आहेत. तेथे कट-ऑफ नसतो; प्रवेश समिती गुणपत्रके, निबंध आणि शिफारसपत्रे वाचून निवड करते. प्रश्न मात्र तोच राहिला आहे : आमच्या मुलीला कितपत शक्यता आहे?

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर अर्जाचे पहिले पान.)

२०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश देऊ करण्यात आला, म्हणजे शंभरात साडेतीनपेक्षा किंचित अधिक. हा आकडा खरा आहे, पण तो कोणत्याही एका विद्यार्थ्याची शक्यता सांगत नाही. त्यात खेळासाठी हेरून आणलेले खेळाडू येतात, देणगीदारांची मुले येतात आणि माजी विद्यार्थ्यांची मुलेही येतात. प्रवेशातील भेदभावाच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्यात जी माहिती उघड झाली तिच्यानुसार माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश अर्जदारांना प्रवेश मिळत होता. हे सारे वजा केल्यावर उरलेल्यांचा दर सरासरीच्या खाली जातो, आणि परदेशी अर्जदारांसाठी तो बहुतेक ठिकाणी आणखी कमी असतो. म्हणून गुण आणि परीक्षेचे अंक भरून घेऊन ‘तुमची शक्यता अमुक टक्के’ असे सांगणाऱ्या कोणत्याही यंत्रावर किंवा सल्लागारावर पालकांनी विसंबू नये, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते.

दहा ठिकाणी अर्ज केल्याने शक्यता दहापट होते, हा समजही तपासून पाहायला हवा. प्रत्येक ठिकाणी ४ टक्के शक्यता धरली, तर दहापैकी किमान एका ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता कागदावर ३३ टक्क्यांच्या वर जाते. परंतु हा हिशेब प्रत्येक निर्णय स्वतंत्र असेल तरच खरा ठरतो. येथे दहाही ठिकाणी तीच गुणपत्रके, तोच निबंध आणि तीच शिफारसपत्रे जातात, आणि एका समितीला जाणवलेली उणीव बहुधा दुसरीलाही जाणवते.

(दृश्य : कनिष्ठ महाविद्यालयाचा रिकामा वर्ग. दुपारची वेळ.)

नाशिकच्या विद्यार्थ्याची खरी अडचण या रिकाम्या वर्गात आहे. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते आणि अकरावीला नवे महाविद्यालय येते. महाविद्यालय आणि क्लास यांची सांगड घालणाऱ्या ‘इंटिग्रेटेड’ पद्धतीत त्या महाविद्यालयाशी संबंध पुष्कळदा प्रात्यक्षिके आणि परीक्षा यांच्यापुरताच उरतो, कारण सगळा दिवस क्लासमध्ये जातो. आता अर्जाकडे पाहा. त्याला नववी ते बारावी अशा चारही वर्षांची गुणपत्रके लागतात. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि अर्जाची मुदत तर जानेवारीच्या आरंभीच संपते, त्यामुळे निर्णयाच्या वेळी समितीपुढे अकरावीचे गुण असतात. ज्या अकरावीला आपण वर्षानुवर्षे विश्रांतीचे वर्ष मानत आलो, तीच तेथे बारकाईने वाचली जाते.

शिफारसपत्रांचा प्रश्न त्याहून कठीण आहे. एमआयटी दोन शिक्षकांची पत्रे मागते : एक गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे, दुसरे भाषा किंवा सामाजिक शास्त्र शिकवणाऱ्याचे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी हे दुसरे पत्र बहुधा इंग्रजीच्या शिक्षकांनीच लिहायचे असते, आणि इंग्रजीच्या तासाला तर वर्गात कोणी फिरकलेलेच नसते. ज्या शिक्षकाने मुलाला प्रश्न विचारताना, चुकताना किंवा शेजारच्याला समजावून सांगताना पाहिलेले नाही, त्याने मनापासून लिहायचे ठरवले तरी ‘हुशार, कष्टाळू, नम्र’ यापलीकडे तो काय लिहिणार? आपल्या मुलांची गुणवत्ता कमी नाही, पण तिला साक्षीदारच उरलेला नाही, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

(दृश्य : निफाड तालुक्यातील द्राक्षबाग. फवारणीच्या नोंदींची वही.)

काही गोष्टी मुलांजवळ असतात, पण त्या सांगण्यासारख्या आहेत हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अनेक विद्यापीठे स्वीकारतात त्या ‘कॉमन अ‍ॅप’ या सामायिक अर्जात अभ्यासाबाहेरच्या कामांसाठी दहा रकाने असतात, आणि त्यांत घरच्या जबाबदाऱ्यांनाही जागा आहे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत फवारणीची वही, औषधांच्या मात्रा आणि मजुरीचा हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने ते काम तेथे लिहायलाच हवे; पैसे भरून मिळवलेल्या प्रमाणपत्रापेक्षा ते कितीतरी अस्सल आहे.

उरतो खर्चाचा प्रश्न. हार्वर्डचा एका वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरहून अधिक आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यालाही त्याची आर्थिक गरज न पाहता निवडतात आणि निवडल्यानंतर ती गरज पूर्ण भागवतात. स्टॅनफर्डसह इतर अनेक ठिकाणी मात्र परदेशी अर्जदाराने मदत मागितली की ती बाब निर्णयात धरली जाते. द्राक्ष उत्पादक कुटुंबाला यात आणखी एक काम वाढते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने दाखवायला विवरणपत्र नसते. अशा वेळी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, बाजार समितीच्या पावत्या आणि बँकेचे उतारे यांची जुळवाजुळव दिवाळीआधीच सुरू करावी लागते.

(दृश्य : अंधारलेले घर, एका खोलीत दिवा.)

एमआयटीचे निकाल अनेक वर्षांच्या प्रथेप्रमाणे १४ मार्चला तेथील संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी जाहीर होतात. नाशिकमध्ये त्या वेळी १५ मार्चच्या पहाटेचे ३ वाजून ५८ मिनिटे झालेले असतात. बारावीची परीक्षा पुष्कळदा तेव्हाही चालू असते, आणि निकाल पाहण्यासाठी उठलेली मुलगी तो पाहून झाल्यावर उरलेल्या पेपरचे पुस्तक उघडते.