फ्रिक्वेन्सी कोणाची, गाणं कोणाचं

[दृश्य : मुंबईतली टॅक्सी. रेडिओवरचे आकडे बदलतायत.]

९१.१. ९१.९. ९२.७. ९३.५. ९४.३.

मुंबईत गाडीतला रेडिओ लावून बटण दाबत गेलात की स्टेशनं अशी लागतात. दर दोन आकड्यांत ०.८ मेगाहर्ट्झ, म्हणजे ८०० किलोहर्ट्झचं अंतर. एका एफएम स्टेशनाला साधारण २०० किलोहर्ट्झ पुरतात. मग मधे एवढी मोकळी जागा कशाला?

[दृश्य : टॉवर, खालची ट्रान्समीटरची खोली.]

उत्तर या खोलीत आहे. शहरातली खासगी स्टेशनं सहसा एकच टॉवर, एकच अँटेना वापरतात. ट्रान्समीटर ज्याचा त्याचा. सगळ्यांचे सिग्नल कंबायनरमध्ये एकत्र येतात आणि तिथून जाड केबलनं वर जातात. कंबायनरमधल्या फिल्टरनं आपल्या स्टेशनाला वाट द्यायची, शेजाऱ्याला अडवायचं. फ्रिक्वेन्सी जितक्या जवळ, तितका हा फिल्टर अवजड आणि महाग. त्याचं ट्यूनिंग सरकलं की शेजाऱ्याचा सिग्नल उलटा आपल्या ट्रान्समीटरमध्ये घुसतो आणि तिसऱ्याच आकड्यावर उमटतो. ९१.९ ची दुप्पट करा, त्यातून ९२.७ वजा करा. उरतात ९१.१, म्हणजे तिसऱ्याच कुणाचं तरी चालू स्टेशन. अंतरं समान असल्यानं भूत नेमकं शेजारच्या घरातच निघतं.

एवढी जागा सोडायची म्हटल्यावर शहरात स्टेशनं मोजकीच बसतात. म्हणून फ्रिक्वेन्सींचा लिलाव.

खासगी एफएमचा पहिला टप्पा १९९९ च्या धोरणानं सुरू झाला. देशातलं पहिलं खासगी स्टेशन, रेडिओ सिटी, जुलै २००१ मध्ये बंगळूरला लागलं. तेव्हाचं परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं. जाहिराती तशा वाढेनात, आणि कंपन्या मेटाकुटीला आल्या. २००५ मध्ये पद्धत बदलली : लिलावात एकरकमी प्रवेश शुल्क, पुढे उत्पन्नाचा ४ टक्के वाटा. २०११ च्या धोरणात परवाना १५ वर्षांचा झाला आणि त्यात एक मेख बसली. ४ टक्के वाटा किंवा प्रवेश शुल्काचे अडीच टक्के, यातलं जे जास्त ते भरायचं. जाहिराती आटल्या तरी बोलीची सावली दरवर्षी मागे येते.

[दृश्य : वर्तमानपत्राचा छापखाना.]

ही बोली लावतो कोण? बऱ्याचदा वर्तमानपत्रवाले. रेडिओ मिरची टाइम्स समूहाची, माय एफएम दैनिक भास्करचा, कोल्हापूरचा टोमॅटो एफएम पुढारीचा. सराफाच्या पेढीवर जाहिरात मागायला त्यांचा माणूस आधीपासून जातोच. पानासोबत रेडिओचे सेकंदही विकतो. गंमत अशी, की खासगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल चालतात. मालकाच्या अख्ख्या छापखान्यात बातम्याच, माइकवर मात्र ट्रॅफिक.

[दृश्य : स्टुडिओ, स्क्रीनवर तासाचं घड्याळ.]

मोठी बोली वसूल करायची तर जास्तीत जास्त कान हवेत. म्हणून मुंबईत आधी हिंदी सिनेमाची चालती गाणी. आवडीनिवडीचा प्रश्न पुढचा. तासाचा हिशोब साधारण असा : १४ मिनिटं जाहिराती. आरजेच्या ६ लिंक, म्हणजे गाण्यांमधलं बोलणं, प्रत्येकी ४५ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटं. जिंगलना दीड मिनिट. उरलेल्या ४० मिनिटांत चार-चार मिनिटांची १० गाणी. कुठलं गाणं किती तासांनी परत यायचं, एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ नयेत, हे सॉफ्टवेअर बघतं. आरजे रंगात आला आणि लिंक दीड-दीड मिनिटाच्या झाल्या, की साडेचार मिनिटं जास्तीची गेली. मग कापायचं गाणं. जाहिरात कापता येत नाही, कारण चुकलेला स्पॉट नंतर भरून द्यावा लागतो.

[दृश्य : सातारा जिल्हा, म्हसवड. छोटा मनोरा.]

९०.४, माणदेशी तरंग वाहिनी, इथला सामुदायिक रेडिओ, २००८ पासून. इथे लिलाव नाही. सामुदायिक रेडिओ मागायचा तर संस्था ना-नफा हवी, नोंदणीला तीन वर्षं झालेली हवीत; विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रंही अर्ज करू शकतात. निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवा. जाहिराती तासाला १२ मिनिटांपर्यंत, २०२४ पासून. बोली वसूल करायची नसल्यानं गावच्या बोलीला आणि शेतीच्या गप्पांना इथे वेळ मिळतो.

मर्यादा आहे ती ताकदीची : परिणामी शक्ती, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी, १०० वॅट, अँटेनाची उंची ३० मीटरपर्यंत. असा ट्रान्समीटर सहसा ५० वॅटचा असतो. शक्तीची घट-वाढ डेसिबलमध्ये मोजतात : केबलमध्ये एक डेसिबल गेलं की उरतात ४०, आणि शक्ती हव्या त्या दिशेला एकवटून चार डेसिबल वाढ (गेन) देणाऱ्या अँटेनानं त्याचे १०० होतात. यातलं काहीही गळालं तर पलीकडची वाडी सुटते.

सगळ्यात जास्त गळती कनेक्टरमध्ये. पावसाचं पाणी शिरलं की शक्ती अँटेनाकडून परत फिरते, मीटरवरचा रिफ्लेक्टेड पॉवरचा आकडा चढतो आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आवाक्यापुरतीच शक्ती सोडतो. गावातून फोन येतो, “खरखर येतीय.” म्हणून मृगाच्या आधी एकदा मनोऱ्यावर चढायचं, कनेक्टर उघडून कोरडा करायचा, रबरी टेप ताणून गुंडाळायची, आणि केबल खोलीत शिरते तिथे तिला खाली झोळ द्यायचा. पाणी बाहेरच ठिबकतं.