डास तोच, प्रश्न वेगळा

नमस्कार श्रोतेहो.

शाळेची प्रयोगवही आठवते? कृती, निरीक्षण, अनुमान. आमच्यापैकी बरेच जण अनुमान आधीच लिहून ठेवायचे आणि आकडे त्याला जुळवून घ्यायचे. मला ही सवय घातक वाटते, आणि का, ते हिवताप कसा पसरतो याचा शोध घेणारे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांच्या कामावरून सांगतो.

१८९५ साली रॉस सिकंदराबादेत होते. हिवतापाशी डासांचा संबंध आहे, हे गृहीतक त्यांना पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांकडून मिळालेलं. त्यात आणखी एक कल्पना होती: डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला ताप येतो. रॉस यांनी डास मेलेलं पाणी माणसांना पाजून पाहिलं. आज कुणी असं करू देणार नाही. एकाला ताप आला. 'सिद्ध झालं' म्हणायला तेवढं पुरलं असतं! त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केला, आणि ती आशा टिकली नाही.

मग दोन वर्षं डास चिरणं. करडे डास, पट्टेरी डास; पोटात काहीच सापडेना. पण यावरून 'डासांचा संबंध नाही' असं म्हणता येत होतं का? नाही. या जातींत माणसाच्या हिवतापाचा जंतू वाढत नाही, निष्कर्ष एवढाच. म्हणून त्यांनी जात बदलली.

ऑगस्ट १८९७. उकाडा असह्य, पण पंखा बंद, कारण वाऱ्याने डास उडून जातील. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजलेले. हुसेन खान या रुग्णाला डासामागे एक आणा देऊन चावून घेतलेले ठिपकेदार पंखांचे डास आता मोजकेच उरलेले. २० तारखेला त्यांतल्या एकाच्या जठराच्या भिंतीत गोल पेशी दिसल्या, आणि त्यांत हिवतापाच्या जंतूत असतात तसे काळे कण.

गृहीतकाचा अर्धा भाग तिथे उभा राहिला. जंतू डासातून माणसात कसा परततो, याबद्दल ती काचपट्टी काहीच सांगत नव्हती, आणि रॉस यांनीही तिच्याकडून ते वदवून घेतलं नाही.

त्याचं उत्तर १८९८ साली कलकत्त्यात मिळालं, पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना. जंतू डासाच्या लाळग्रंथीत सापडले. असे डास चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. म्हणजे रोग पसरत होता तो दंशातून. आणि हे दाखवून दिलं कुणी? सिकंदराबादेत ज्यांच्या पोटात काहीच सापडलं नव्हतं, त्या करड्या डासांनी.