अंतर राखायचं ते आपण

श्रोतेहो, नमस्कार.

अंटार्क्टिकावर राहून आलेल्या माणसाला सगळे आधी थंडीबद्दल विचारतात. थंडीचं वर्णन तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मला आज बोलायचंय ते तिथल्या शेजाऱ्यांबद्दल.

भारताची तिथे दोन केंद्रं चालू आहेत. शिर्माकर ओअ‍ॅसिसच्या खडकाळ भागातलं ‘मैत्री’ 1989 सालचं, तर लार्समन टेकड्यांमधलं ‘भारती’ 2012 सालचं. मैत्री समुद्रापासून बरंच आत आहे. भारती अगदी किनाऱ्यावर आहे. मी राहिलो ते भारतीत, त्यामुळे पेंग्विन आणि सील यांचा सहवास भरपूर मिळाला.

उन्हाळ्यात आम्ही गोठलेल्या समुद्रावर सामानाची खोकी बांधत होतो. तीन अ‍ॅडेली पेंग्विन पोटावर घसरत आले, उठून उभे राहिले आणि थेट आमच्याकडे चालू लागले. चार-पाच किलोचा पक्षी, डोळ्याभोवती पांढरं कडं. आधी एका डोळ्यानं बघायचं, मग मान वळवून दुसऱ्यानं. एकजण खोक्याच्या पट्ट्यापर्यंत आला. आम्ही हातातलं काम टाकून गप्प उभे राहिलो, कारण नियमच तसा आहे. आपण पाच मीटरच्या आत जायचं नाही, आणि प्राणी आपणहून आला तर त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा.

अ‍ॅडेलीला जमिनीवर माणसाची भीती वाटत नाही, याचं कारण साधं आहे. त्या खंडावर जमिनीवरून चालून येणारा शिकारी नाही. अस्वल, कोल्हा, काहीच नाही. त्याचा शत्रू पाण्यात असतो, लेपर्ड सील, आणि आकाशात असतो, स्कुआ नावाचा शिकारी समुद्रपक्षी. म्हणून हाच धीट पक्षी पाण्याच्या काठाशी आला की घुटमळतो. सगळा थवा दाटीवाटीनं उभा राहतो आणि पहिली उडी कुणीच मारत नाही.

पण तो शांत दिसतो म्हणजे शांत असतोच असं नाही. पेंग्विनच्या हृदयाचे ठोके मोजून पाहिले, तेव्हा माणूस जवळ आल्यावर ते वाढलेले आढळले, आणि पक्षी मात्र जागेवर निश्चल बसलेला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समोरचा प्राणी मागे सरत नाही, म्हणून कुठे थांबायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. भारतानं 2022 साली केलेल्या अंटार्क्टिक कायद्यानुसार परवान्याशिवाय तिथल्या प्राण्यापक्ष्यांना त्रास देणं हा गुन्हा आहे. पण मैलोन्‌मैल बर्फावर बघायला कोण येणार? तिथे आपली शिस्तच कामाला येते.

वेडेल सीलचं तर आणखी वेगळं. तीन मीटर लांब, चारशे किलोंच्या वर वजन, आणि बर्फावर असा पसरलेला की दुरून खडकच वाटावा. जवळून वाट काढली तर एक डोळा उघडतो, मान जरा उचलतो, पुन्हा झोपतो. त्याची मेहनत बर्फाखाली चालते. श्वासाचं भोक गोठू नये म्हणून तो दातांनी त्याच्या कडा घासत राहतो. या कामात दात झिजतात, आणि दात झिजले की त्या सीलचे दिवस भरत येतात. हिवाळ्यात बर्फाला कान लावला की खालून त्यांचे आवाज येतात. लांबलचक, उतरत जाणारी शीळ, मग गुरगुर, मग टकटक. वर सूर्य नाही, वारा पडलेला, आणि पायाखाली एवढी गजबज! मी किती वेळ पालथा पडून ऐकत राहायचो.

स्कुआची ओळख मात्र डोक्यावरूनच होते. घरट्याच्या वाटेत आलात की तो वरून सूर मारतो. हात किंवा काठी उंच धरायची, म्हणजे तो त्या टोकाकडे झेपावतो, आणि लगेच वाट बदलायची. घरटं त्याचं, वळसा आपण घ्यायचा. हा पक्षी हुशारही विलक्षण. किंग जॉर्ज बेटावर कोरियन संशोधकांना असं दिसलं की घरट्याशी वारंवार जाणाऱ्या माणसाला स्कुआ नेमका ओळखतो आणि त्याच्याच मागे लागतो. शेजारी चालणाऱ्या अनोळखी माणसाला सोडून देतो. म्हणूनच त्यांना खरकटं मिळू नये याची केंद्रात एवढी काळजी घेतात. एकदा चटक लागली की ते रोज दारात.

माणसाबरोबर आलेले प्राणी तिथे नकोत, असंही ठरलं आहे. स्लेज ओढणारी शेवटची कुत्री 1994 साली खंडावरून परत नेली, कारण त्यांच्याकडून सीलना रोग जडण्याची भीती होती.

आता रोगाची भीती दुसऱ्या बाजूनं आली आहे. बर्ड फ्लूचा घातक विषाणू फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पावर सापडला, तोही स्कुआंमध्ये. द्वीपकल्प भारतीपासून फार दूर आहे, पण स्कुआंना अंतराचं काय! पुढच्या पथकांत जाणाऱ्या तरुणांना मी कळकळीनं सांगतो. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. दुरून फोटो घ्या, जागा टिपा, केंद्रप्रमुखांना कळवा. पक्ष्यांच्या वसाहतीकडे जाण्याआधी आणि परतल्यावर बूट जंतुनाशकानं धुवा. आणि एखादा अ‍ॅडेली उत्सुकतेनं तुमच्या रोखानं निघाला, तर आम्ही उभे राहायचो तसे उभे राहू नका. हळूहळू मागे सरका.